खाणीवरच्या मुलांचा दाब

शाळेच्या तपासणीच्या खोलीत अठ्ठावीस वर्षं बसणाऱ्या नर्सबाईंचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. मुलं त्यांना पंपबाई म्हणत. मुलाच्या दंडाला कापडी पट्टा गुंडाळायचा, रबरी फुगा दाबून त्यात हवा भरायची, काचेतला पारा वर चढवायचा आणि तो उतरताना कानाला नळ्या लावून ठोके ऐकायचे, हे त्या दर वर्षी साडेतीनशे मुलांच्या बाबतीत करत. आपल्याला काय म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. एकदा एक मुलगा भिंतीवर ते नाव लिहिताना सापडला. त्यांनी त्याला खोडरबर दिलं आणि उरलेली भिंतही पुसून घ्यायला सांगितली.

कामाला त्या चोख होत्या. मोजण्याआधी मुलानं पाच मिनिटं खुर्चीत टेकून बसायचं, असा नियम आहे. नियम सगळीकडे आहे, पाळतं कोण हा वेगळा प्रश्न. पंपबाई पाळत. पावणेपाच मिनिटं म्हणजे चार, असं त्यांचं गणित होतं. बाकीचे लोक एकशेअठराला एकशेवीस लिहून मोकळे होतात. पंपबाईंचे अठरा हे अठराच. यंत्र दर वर्षी तपासून यायचं आणि दर वर्षी त्याच्यात काही दोष निघायचा नाही. दोष निघाला असता तर पंपबाई आजारी पडल्या असत्या.

गावाच्या वरच्या अंगाला दगडाची खाण होती. दोन पिढ्यांपूर्वी त्या खाणीसाठी लांबून माणसं आणली होती. त्यांचा चेहरामोहरा वेगळा, घरातली भाषा वेगळी, नावं लांबलचक. गावातले त्यांना ‘खाणीवरचे’ म्हणत, मग ते खाणीत काम करोत, बँकेत करोत की काहीच न करोत. खाण बंद पडून अकरा वर्षं झाली होती. लोक मात्र खाणीवरचेच राहिले.

सहा वर्षांपूर्वी शहरातून एक डॉक्टरसाहेब आले. वाढत्या वयातल्या मुलांचा रक्तदाब वंशावंशांत कसा बदलतो, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. त्यांच्या सांगण्यावरून पंपबाईंनी वहीची पानं विभागली: डावीकडे गावातली मुलं, उजवीकडे खाणीवरची. वर्षाअखेरी बेरीज केली, तर डावीकडे सरासरी एकशेबारा आणि उजवीकडे एकशेचोवीस. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षीही तेच. डॉक्टरसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी पंपबाईंना एक पेन भेट दिलं.

आता फरक सापडला म्हटल्यावर कारणांना काय तोटा? डॉक्टरसाहेब म्हणाले, मिठाचं पचन. मुख्याध्यापक म्हणाले, दगडाची धूळ. शिपाई म्हणाला, ही माणसं मुळात तापट. खाणीवरची माणसं तापट आहेत हे कशावरून, असं कोणी विचारलं नाही, कारण ती कधी फारशी बोलतच नसत. पंपबाईंनी आपलं मत दिलं नाही. “पारा चढतो तो मी लिहिते,” एवढंच त्या म्हणत. पण मनातून त्यांनाही वाटे की रक्तच तसं असणार. रक्त म्हटलं की वाद मिटतो.

शाळेचा एक नियम होता. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा आकडा एकशेचाळीसच्या पुढे गेला, की त्या मुलाला खेळबंदी. सहा वर्षांत एकोणीस मुलांना खेळबंदी झाली. त्यातला एक गावातला. त्याची किडनी खरोखर बिघडलेली होती, आणि ते पंपबाईंमुळे वेळेत कळलं. त्याची आई अजून रस्त्यात भेटली की त्यांचे हात धरते. उरलेली अठरा मुलं खाणीवरची. त्यांच्या किडन्या, हृदयं, डोळे सगळं तपासलं होतं आणि कशातच काही निघालं नव्हतं. तेव्हा ती शहाण्यासारखी घरी बसली.

यातली शेवटची, एकोणिसावी, होती सतरा नंबर. हा तिचा वहीतला नंबर. खाणीवरच्या मुलांना पंपबाईंनी पानं विभागल्याच्या पहिल्याच वर्षी नंबर दिले होते, आणि ते चांगल्या मनानं दिले होते. त्यांनी पहिल्या दिवशी एका मुलीचं नाव असं काही उच्चारलं, की सगळा वर्ग हसला आणि ती मुलगी रडकुंडीला आली. पुन्हा कोणाच्या नावाची अशी चिरफाड आपल्या तोंडून नको, म्हणून त्या दारातून नंबर पुकारू लागल्या. त्या शाळेत नंबरानं हाक आणखी एकाच ठिकाणी मारत: मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, शिक्षेला उभं करताना. हे पंपबाईंच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांना कधी शिक्षा झाली नव्हती.

सतरा नंबर पंधरा वर्षांची होती आणि पळायची. टेकडीवरून शाळेत पळत यायची, शाळा सुटली की चढणीनं पळत घरी जायची. बारा दिवसांनी जिल्ह्याच्या शर्यती होत्या. शाळेला आजवर कुठल्याच खेळात काही मिळालं नव्हतं. या पोरीवर खेळाच्या सरांचा जीव टांगलेला होता. तिचे आकडे आले एकशेचव्वेचाळीस, एकशेसेहेचाळीस आणि पुन्हा एकशेसेहेचाळीस.

सर धावत आले. “बाई, अहो ती डोंगर चढून येते आणि तिला साधी धाप लागत नाही!”

“पारा माझ्या सांगण्यावरून चढत नाही, सर.”

“पण एकदा—”

“तीनदा मोजलंय.”

मुलगी दारात उभी होती. ती रडली नाही की भांडली नाही. पायातले खिळ्यांचे बूट शाळेचे होते. ते तिनं काढले, रुमालानं पुसले, खेळाच्या कपाटात जोडीनं ठेवले आणि अनवाणी घरी गेली. पंपबाईंना वाईट वाटलं. वाईट वाटणं हे त्यांच्या कामात बसत होतं, नियम मोडणं बसत नव्हतं.

त्याच आठवड्यात पंपबाईंना स्वतःची तपासणी करून घ्यायची होती. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या आणि कागदपत्रांना मोठ्या दवाखान्याचा दाखला हवा होता. त्या इस्त्रीची साडी नेसून गेल्या. दाराशी पोचताच हातात चिठ्ठी मिळाली: एक्केचाळीस. तासाभरानं आतून आवाज आला, “एक्केचाळीस!”

आत एक तरुण नर्स होती, तोंडावर मास्क, खाणीवरच्यांसारखे बारीक डोळे. तिनं बोटानं खुर्ची दाखवली. पंपबाई बसल्या. नर्सनं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि समोर उभी राहिली. एक शब्द नाही. पंपबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मग पुन्हा वाचलं. आपण काही चुकलो का, कागद राहिला का, साडीला काही लागलंय का, असं सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. बरोबर पाच मिनिटांनी पट्टा दंडाला लागला. पाच म्हणजे पाच. या मुलीला कोणीतरी नीट शिकवलंय, असं पंपबाईंना त्या अवस्थेतही वाटलं.

“एकशेअठ्ठावन्न,” नर्स म्हणाली. “पंधरा दिवसांनी परत या.”

पंपबाई घरी आल्या त्या तरातरा. यजमान ओट्यावर मशीन मांडून शर्टाला काज करत होते. ते शिंपी होते. डोळे अधू झाल्यामुळे आता फक्त ओळखीच्यांचे कपडे शिवत.

“अहो, त्या दवाखान्यातलं यंत्र बिघडलंय. एकशेअठ्ठावन्न म्हणे! मला!”

त्यांनी पिशवीतलं स्वतःचं यंत्र काढलं, जरा टेकल्या आणि मोजलं. एकशेअठ्ठावीस. यजमानांनी चष्म्यावरून पाहिलं.

“तिथं कोणी काही बोललं का तुझ्याशी?”

“नाही. नंबर पुकारला, बसवलं, मोजलं. काम चोख होतं हो पोरीचं.”

“मग चढणारच की.”

“काय चढणारच? बोलण्याचा आणि दाबाचा काय संबंध?”

“दाबाचं मला काय कळतंय? मापाचं कळतं.” त्यांनी दोरा तोडला. “नवं गिऱ्हाईक आलं आणि मी मुकाट्यानं टेप लावली, की ते पोट आत ओढून ताठ उभं राहतं. ते माप घेऊन शर्ट शिवला, तर बटण लागत नाही. म्हणून आधी विचारायचं, काय पाहुणे, कुठले तुम्ही, मुलं किती. बोलता बोलता पोट सुटतं. तेवढ्यात टेप लावायची.”

पंपबाई काहीतरी फटकळ बोलणार होत्या, पण गावातली मुलगी तपासणीला आली की त्या काय करत, ते त्यांना दिसलं. “कोणाची गं तू? अगंबाई, त्या खालच्या आळीतल्या मास्तरांची नात! आजीचा गुडघा कसा आहे?” अशी पाच मिनिटं जायची. मोजताना मात्र अवाक्षर नाही, तोही नियमच. आणि खाणीवरच्या मुलांना त्या काय विचारणार? त्यांच्या आज्या ओळखीच्या नव्हत्या. आज्याच ओळखीच्या नाहीत म्हटल्यावर गुडघे कुठून असणार? तेव्हा त्या घड्याळ हातात धरून समोर बसत आणि पाच मिनिटं मुलाकडे पाहत. मूल हलत नसे. ही माणसंच अबोल, असं त्या समजत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सहा वर्षांच्या वह्या उघडल्या. उजव्या पानांवर सगळे आकडे चढे होते, फक्त दोन सोडून: एकशेदहा आणि एकशेआठ. ती शाळेच्या झाडूवालीची मुलं. खाणीवरचीच, पण शाळेच्या आवारात वाढलेली. पंपबाईंनी त्यांना रांगताना पाहिलं होतं, नावानं हाक मारली होती. त्या दोन आकड्यांपुढे त्यांच्याच सुवाच्य अक्षरात शेरा होता: ‘अपवाद’.

त्यांनी वही मिटली. अठ्ठावीस वर्षं ज्या कामाचा अभिमान बाळगला, त्यात घाण झाली होती आणि ती बाहेरून कोणी आणून टाकली नव्हती. त्यांना लाज वाटली. यापेक्षा वेगळा शब्द त्याला नाही.

डॉक्टरसाहेबांना त्यांनी फोन केला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

“सिस्टर, तुमच्या गप्पांनी बारा आकड्यांचा फरक पडेल होय?”

“माझ्यात तिसाचा पडला, साहेब.”

“अहो, तुमच्यासारखी मोजणी सबंध जिल्ह्यात नाही. लेख छापायला गेलाय. प्रकाशनाला तुमचाच सत्कार ठेवलाय.”

“थोडाफार फरक खरा असेलही. पण कितीसा, ते परत मोजल्याशिवाय नाही सांगता यायचं.”

“मग सांगा. पुढच्या महिन्यात सांगा.”

पुढच्या महिन्यात पंपबाई निवृत्त असणार होत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं. उजवीकडचे आकडे धरू नयेत, असं पत्र त्यांनी त्याच दिवशी साहेबांना लिहून टाकलं, साहेबांनीच दिलेल्या पेनानं. शेंडी तुटो वा पारंबी तुटो, असं म्हणून पेटीत टाकलं.

राहिली सतरा नंबर. शर्यतीला पाच दिवस होते. पंपबाईंनी तिला बोलावलं. आता गोड बोलायचं, एवढं ठरलेलं होतं.

“ये बाळ, बस हं. घरी सगळे बरे आहेत ना? आई कशी आहे? आजी?”

मुलीचा चेहरा पांढरा पडला. पाच मिनिटं पंपबाई प्रेमानं विचारत राहिल्या आणि ती मान हलवत राहिली. मग मोजलं. एकशेबावन्न.

“बाई,” मुलीनं अगदी हळू आवाजात विचारलं, “मला काय झालंय? खरं सांगा.”

पंपबाई खाली बसल्या. सहा वर्षं दगडासारखी बसलेली बाई अचानक बाळ म्हणू लागली, तर पोरीनं दुसरं काय समजायचं? इतक्या गोड आवाजात लोक फक्त मरणाऱ्याशी बोलतात.

“तुला काही झालं नाही,” त्या नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. “झालंय ते मला. इकडे ये. माझा दाब मोज.”

“मी?”

“हा पट्टा. इथं नाही, कोपराच्या वर. हं. नळ्या कानात घाल. आता फुगा दाब, मग हवा हळू सोड. ठोका सुरू होईल तो आकडा वाच.”

मुलीनं फुगा जिवाच्या आकांतानं दाबला. पारा अडीचशेला गेला आणि पंपबाईंच्या हाताची बोटं निळी पडली.

“आई गं! अगं मेले मी, सोड, सोड हवा!”

मुलगी हसली. पंपबाईंनी तिचे दात पहिल्यांदाच पाहिले. पुढचा एक जरा वाकडा होता. दुसऱ्या वेळी तिनं बेतानं हवा भरली, पाऱ्यावर डोळे रोखून ऐकलं आणि म्हणाली, “सुरू झाला! एकशेचोपन्न.”

“परत मोज.”

“एकशेबावन्न.”

मुलीनं भिंतीवरचा नियमांचा तक्ता पाहिला, मग पंपबाईंकडे पाहिलं. “बाई,” ती चेहरा सरळ ठेवून म्हणाली, “तुम्हाला पळायला बंदी.”

पंपबाई घाबरलेल्याच होत्या, हे सांगून टाकलेलं बरं. ही मोजणीही चढी आली तर आपल्या हातात दुसरं काही उरत नाही, हे त्यांना कळत होतं. खोटा आकडा लिहिणं त्यांच्या हातून झालं नसतं, त्या मुलीसाठीसुद्धा.

“तुझं नाव काय?” त्यांनी विचारलं.

मुलीनं सांगितलं. पंपबाईंनी ते म्हणून पाहिलं. “नाही बाई,” मुलगी म्हणाली, आणि तोडून तोडून पुन्हा सांगितलं. पंपबाईंनी पुन्हा मोडतोड केली. मुलीला हसू आवरेना. चौथ्या वेळी जमलं. त्या नावाचा अर्थ काय, ते कोणी ठेवलं, आणि ठेवणारी आजी कशी एका डोळ्यानं अधू असून सुईत दोरा ओवते, हे सगळं झालं. तोवर घड्याळात नऊ मिनिटं झाली होती. पंपबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नियमापेक्षा चार मिनिटं जास्त घेतली.

“आता गप्प,” त्या म्हणाल्या आणि पट्टा गुंडाळला. ठोका एकशेसोळाला सुरू झाला. त्यांनी दोन मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. एकशेचौदा. आणखी दोन दिवशी मोजलं, तेव्हाही त्याच्या वर गेला नाही. वहीत त्यांनी सतरा हा आकडा खोडून नाव लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘आधीच्या मोजण्या चुकीच्या. चूक मोजणारीची.’ खाली सही केली, तारीख घातली. मग खेळाच्या कपाटाची किल्ली आणायला शिपायाला पिटाळलं.

शर्यतीत मुलगी चौथी आली. चौथ्याला काही मिळत नाही. खेळाचे सर महिनाभर सांगत फिरले, की मधले नऊ दिवस सराव बुडाला नसता तर तिसरी आली असती. हे ते पंपबाईंसमोर सांगत नसत, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या जवळ सांगत. डॉक्टरसाहेबांकडून पत्राला एका ओळीचं उत्तर आलं, पत्र मिळाल्याचं. सत्काराचं पुन्हा कोणी काही बोललं नाही.

पंधरा दिवस झाल्यावर पंपबाई पुन्हा मोठ्या दवाखान्यात गेल्या. यावेळी चिठ्ठी होती सव्वीस. तीच नर्स होती. तिनं बोटानं खुर्ची दाखवली आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. पंपबाईंनी घरून ठरवून आणलं होतं, की या पोरीला चार शब्द सांगायचे. तिचं भलं होईल, पुढच्या पेशंटचंही होईल.

“काम तुझं चोख आहे गं,” त्यांनी सुरुवात केली. “पण ही पाच मिनिटं अशी मुक्यानं घालवू नयेत. माणूस घाबरतं. कोणी शिकवलं तुला असं?”

नर्सनं मास्क खाली केला.

“तुम्हीच, बाई. मी नऊ नंबर.”

पंपबाईंना चेहरा आठवेना. नंबर आठवला. दुसऱ्या वहीचं उजवं पान, एकशेबेचाळीस, एकशेचव्वेचाळीस, एकशेबेचाळीस. खेळबंदी.

“मला वाटलं, तीच पद्धत असते,” नर्स म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “मी तुमचं बघूनच नर्सिंगला आले. तुम्ही घड्याळ किती नीट बघायच्या.”

“काय खेळायचीस तू?”

“लांब उडी.”

पंपबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वहीतल्या एका नावापुढे शेरा लिहून झाला होता; उरलेली सतरा मुलं शाळा सोडून कधीच पांगली होती आणि त्यांच्या उड्या आता कुठल्याच रकान्यात मावणार नव्हत्या. “तुझं नाव—” त्यांनी विचारायला तोंड उघडलं.

पण पाच मिनिटं झाली होती. नर्सनं पट्टा गुंडाळला आणि कानात नळ्या घातल्या.

“मोजताना बोलायचं नाही, बाई,” ती म्हणाली.